न्यूट्रॉन कंपन-वर्णपटातला रिकॉइल: प्रभावी रेणुवस्तुमान काढायचं कसं आणि वापरायचं कुठे

अवरक्त आणि रामन वर्णपटांना सरावलेला डोळा न्यूट्रॉनचा पहिला वर्णपट बघून चक्रावतो. ४०० सेंमी⁻¹ च्या खाली रेषा सुबक असतात. १००० च्या आसपास प्रत्येक रेषेच्या उजवीकडे एक उतरता फुगवटा दिसू लागतो. आणि ३००० ला, जिथे सी-एच ताणकंपनं हमखास असायला हवीत, तिथे नुसतं पसरट टेकाड उरतं. गणनेचा वर्णपट शेजारी ठेवला की जागा जुळतात, उंची जुळत नाही.

इथे नवखे दोनपैकी एक चूक करतात. एक तर फुगवट्याला पार्श्वभूमी समजून वजा करतात, नाही तर गणनेतल्या वारंवारता ताणून-आखडून ‘बसवतात’. तो फुगवटा हा खराखुरा डेटा आहे. न्यूट्रॉनने अणूचं कंपन जागवताना अख्ख्या रेणूलाही जो धक्का (रिकॉइल) दिला, त्याची ती नोंद. धक्का किती हे प्रभावी रेणुवस्तुमानावरून कळतं, आणि हे वस्तुमान बाटलीवर लिहिलेल्या रेणुभारापेक्षा बरंच वेगळं निघतं. ते कागदावर काढायला दहा मिनिटं पुरतात, म्हणून कुठलंही फिटिंग सुरू करण्याआधी ते काढा.

१. हाताशी काय काय हवं

- रेणूची भूमिती: अणूंचे निर्देशांक आणि वस्तुमानं.
- कंपनांच्या गणनेतले आयगेनव्हेक्टर, म्हणजे प्रत्येक कंपनात कुठला अणू कुठल्या दिशेने किती हलतो त्याची यादी. नुसत्या वारंवारतांच्या यादीवर हे काम होत नाही.
- उपकरणाची अंतिम ऊर्जा (डिटेक्टरकडे जाणाऱ्या न्यूट्रॉनची) आणि डिटेक्टरचे कोन.
- पुढच्या आणि मागच्या डिटेक्टर-गटांचा डेटा, वेगवेगळा. बऱ्याचदा दोघांची बेरीज केलेली एकच फाइल हाती पडते. मोजमापाच्या वेळीच सुट्या फाइली मागून घ्या.
- रिकाम्या डब्याचं मोजमाप, त्याच तापमानाला.
- नमुन्याचं वजन आणि तापमानाची नोंद.
- एक साधी स्प्रेडशीट.

आणि चार आकडे, जे भिंतीवर चिकटवून ठेवावेत असे:

- १ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट = ८.०६६ सेंमी⁻¹
- १ केल्व्हिन = ०.६९५ सेंमी⁻¹
- न्यूट्रॉनची ऊर्जा = १६.७१ × तरंगसदिशाचा वर्ग
- रिकॉइल ऊर्जा = १६.८६ × क्यू² ÷ प्रभावी वस्तुमान

तरंगसदिश म्हणजे न्यूट्रॉनचा संवेग आणि क्यू म्हणजे त्यातला हस्तांतरित संवेग, दोन्ही प्रति अँगस्ट्रॉममध्ये. वस्तुमान अणुवस्तुमान एककात. ऊर्जा सेंमी⁻¹ मध्ये. शेवटच्या दोन आकड्यांत फरक आहे तो न्यूट्रॉनचं वस्तुमान १.००८७ एकक असल्यामुळे. दोन्ही जागी एकच आकडा वापरला तर एका टक्क्याची चूक होते. फार नाही, पण कुठून आली ते शोधण्यात दुपार जाते.

२. आधी उपकरणाची वाट ओळखा

रामनमध्ये फोटॉनचा संवेग जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे क्यूचा विचार करायची वेळ येत नाही. न्यूट्रॉनमध्ये क्यू फुकट मिळत नाही आणि टाळताही येत नाही.

ब्रिटनच्या आयसिस केंद्रातलं टॉस्का, अमेरिकेत ओक रिजमधलं व्हिजन, फ्रान्सच्या ग्रनोबलमधलं लॅग्रांज ही ‘उलट्या भूमितीची’ उपकरणं. यांत डिटेक्टरकडे जाणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा ठरलेली आणि छोटी असते. खालच्या हिशेबात ती ३० सेंमी⁻¹ धरली आहे. त्यामुळे हस्तांतरित ऊर्जा आणि क्यू एकमेकांना बांधले जातात. ऊर्जा वाढली की क्यू वाढणारच. सूत्र साधं त्रिकोणाचं आहे:

क्यू² = (आरंभीचा तरंगसदिश)² + (अंतिम तरंगसदिश)² − २ × दोघांचा गुणाकार × कोनाची कोज्या

४५° (पुढचा गट) आणि १३५° (मागचा गट) धरून येणारे क्यू² असे:

- ४०० सेंमी⁻¹: पुढे १८, मागे ३७
- १००० सेंमी⁻¹: पुढे ४८.५, मागे ७८
- ३००० सेंमी⁻¹: पुढे १५८, मागे २०९

घाईच्या अंदाजासाठी ‘क्यू² म्हणजे ऊर्जा भागिले १६’ हे दोन्ही गटांच्या मधोमध पडतं. त्यावरून एक सोयीचा नियम निघतो: अशा उपकरणावर रिकॉइल म्हणजे साधारण हस्तांतरित ऊर्जा भागिले प्रभावी वस्तुमान. वस्तुमान १ असेल, म्हणजे सुटा हायड्रोजन अणू, तर सगळीच ऊर्जा रिकॉइलमध्ये जाते. उपकरणाची वाट मोकळ्या हायड्रोजनच्या रिकॉइल-रेषेला जवळजवळ समांतर धावते ती यामुळेच.

३. प्रभावी वस्तुमान हाताने काढा

न्यूट्रॉन धडकतो तो रेणूतल्या एका अणूला, बहुतेक वेळा हायड्रोजनला, कारण त्याचा प्रकीर्णन-छेद (न्यूट्रॉन विखुरण्याच्या शक्यतेचं माप) ८२ बार्न आहे आणि कार्बनचा साडेपाच. अणूला ढकललं की रेणू सरकतो आणि शिवाय फिरतोही. फिरणं सोपं असेल तर अणू ‘हलका’ वाटतो. हा हिशेब सॅक्स आणि टेलर यांनी १९४१ मध्ये मांडला, म्हणून या संख्येला सॅक्स-टेलर वस्तुमानही म्हणतात.

कृती अशी:

अ) रेणूचं वस्तुमानकेंद्र आणि तीन मुख्य अक्ष काढा.
आ) प्रत्येक अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण काढा.
इ) निवडलेल्या अणूचं त्या अक्षापासूनचं लंबांतर घ्या, वर्ग करा, आघूर्णाने भागा.
ई) तीन अक्षांची बेरीज करा. त्यात ३ ÷ रेणूचं वस्तुमान मिळवा.
उ) तीनने भागा. उत्तराचा व्यस्त म्हणजे प्रभावी वस्तुमान.

मिथेनवर करून बघा. हायड्रोजनचं वस्तुमान १ आणि बंधाची लांबी ‘ल’ धरली तर आघूर्ण तिन्ही अक्षांभोवती ८/३ ल². एका हायड्रोजनच्या तीन लंबांतरांच्या वर्गांची बेरीज २ल². भागाकार ०.७५. त्यात ३/१६, म्हणजे ०.१८७५ मिळवा: ०.९३७५. तीनने भागून ०.३१२५. व्यस्त: ३.२. रेणुभार १६, आणि न्यूट्रॉनला जाणवणारं वस्तुमान ३.२. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजनसाठी असंच केलं तर सुमारे १.९ येतं.

बेंझिनमध्ये गंमत जास्त आहे. केंद्रापासून कार्बन १.४० आणि हायड्रोजन २.४८ अँगस्ट्रॉमवर. रेणूच्या प्रतलाला लंब अक्षाभोवतीचं आघूर्ण १७८, प्रतलातल्या दोन अक्षांभोवतीचं प्रत्येकी ८९. बेरीज ०.१४२, आणि प्रभावी वस्तुमान २१. रेणुभार मात्र ७८.

पण हे २१ सरासरी आहे. हायड्रोजनला प्रतलाबाहेर ढकललं तर १२, स्पर्शरेषेच्या दिशेने २१, आणि बंधाच्या दिशेने पूर्ण ७८, कारण त्या दिशेने ढकलल्यावर रेणू फिरतच नाही. भुकटीच्या नमुन्यात रेणू सगळ्या दिशांना तोंड करून असतात. तरीही एखादं कंपन दिसतं ते मुख्यतः अशा रेणूंमधून, ज्यांत क्यू त्या कंपनाच्या दिशेने आहे. म्हणून स्वतःच्या दिशेला ३/५ आणि उरलेल्या दोन दिशांना प्रत्येकी १/५ वजन द्यायचं, अर्थात व्यस्तांना. त्या हिशेबाने प्रतलाबाहेरच्या वाकण्याला १६ आणि सी-एच ताणाला ३० येतं. एकाच रेणूतल्या दोन रेषांचे फुगवटे वेगळे का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. सगळ्या रेषांना एकच वस्तुमान लावून फिटिंग करणाऱ्यांना ते मिळत नाही.

४. रेषा उरते की विरते ते ठरवा

आता सर्वात जास्त गैरसमज असलेला भाग. रिकॉइल रेषेला सरकवत नाही.

स्फटिकात रेणू मोकळा नसतो, शेजाऱ्यांनी धरलेला असतो. धक्का बसला की तो जालकाची कंपनं, म्हणजे फोनॉन, जागवतो: कधी शून्य, कधी एक, कधी दोन. शून्य फोनॉनची रेषा कंपनाच्या मूळ वारंवारतेलाच राहते. एक फोनॉनचा वाटा तेवढा उजवीकडे, दोनचा आणखी उजवीकडे. हे सगळे वाटे मिळून फुगवटा बनतो. या साऱ्याचा गुरुत्वमध्य काढला, तर तो मूळ रेषेपासून बरोबर रिकॉइल ऊर्जेइतका दूर असतो.

आकड्यांत बघू. बेंझिनसारखा रेणू घ्या, प्रभावी वस्तुमान २१, आणि जालकाची सगळी कंपनं ८० सेंमी⁻¹ ला एकवटली आहेत असं धरा (खऱ्या स्फटिकात ती पसरलेली असतात). थंड नमुन्यात बाह्य हालचालीचं, म्हणजे अख्ख्या रेणूच्या डुलण्या-सरकण्याचं, सरासरी वर्ग विस्थापन:

१६.८६ ÷ (२१ × ८०) = ०.०१०० वर्ग अँगस्ट्रॉम

१००० सेंमी⁻¹ ला मधला क्यू² ६२ घ्या. गुणाकार ०.६२. ही झाली जागणाऱ्या फोनॉनची सरासरी संख्या. मग वाटणी अशी:

- शून्य फोनॉन (१००० ला तीक्ष्ण रेषा): ५४ टक्के
- एक फोनॉन (१०८० ला): ३३ टक्के
- दोन (११६० ला): १० टक्के
- तीन (१२४० ला): २ टक्के

गुरुत्वमध्य: ०.६२ × ८० = ५० सेंमी⁻¹. आणि थेट सूत्राने रिकॉइल: १६.८६ × ६२ ÷ २१ = ५०. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येतं. स्वतःच्या नमुन्यासाठी हे जुळलं नाही तर कुठे तरी एककांची गफलत आहे. पुढे जाऊ नका.

आता तापमान. वरचं विस्थापन शून्य केल्व्हिनचं. प्रत्यक्षात त्याला (वारंवारता ÷ दोन वेळा औष्णिक ऊर्जा) या संख्येच्या हायपरबोलिक कोटँजंटने गुणायचं. २० केल्व्हिनला हा गुणक १.००६, म्हणजे नसल्यात जमा. ३०० केल्व्हिनला ५.३. सरासरी संख्या ०.६२ वरून ३.३ वर जाते आणि तीक्ष्ण रेषेत उरतात ४ टक्के. नमुना थंड करण्यामागचं मुख्य कारण हेच. आणखी एक: गुरुत्वमध्य मात्र तापमानाने हलत नाही. गरम नमुन्यात फोनॉन दिलेही जातात आणि घेतलेही जातात. पसारा दोन्हीकडे वाढतो, मध्य तिथेच राहतो.

३००० सेंमी⁻¹ ला क्यू² सुमारे १८०. वस्तुमान २१ धरलं तर तीक्ष्ण रेषेत १६ टक्के उरतात. ताणाच्या दिशेचं ३० धरलं तर २८. शिवाय रेणूची अंतर्गत कंपनं आपला वाटा वेगळा खातात, ताण अधिक वाकणं अशा जोडरेषांच्या रूपाने. ३००० चं टेकाड म्हणजे हे सगळं एकत्र, नमुना खराब असल्याची खूण नव्हे.

५. नमुना आणि मोजमाप

नमुना पातळ ठेवा. न्यूट्रॉनपैकी दहाएक टक्केच प्रकीर्ण व्हावेत हा चालू नियम. हायड्रोजनसाठी याचा अर्थ दर चौरस सेंमीला १.३ × १०²¹ अणू. बेंझिनचं उदाहरण घेतलं तर दर चौरस सेंमीला २८ मिलिग्रॅम, म्हणजे १६ चौरस सेंमीच्या न्यूट्रॉन-शलाकेसाठी अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. जाडी जेमतेम ०.३ मिमी. ‘जास्त भरलं तर संकेत जास्त मिळेल’ हा मोह आवरा. जाड नमुन्यात न्यूट्रॉन दोनदा आपटतो, आणि दुहेरी प्रकीर्णनाचा गुळगुळीत पसारा हुबेहूब फोनॉनच्या फुगवट्यासारखा दिसतो. शंका असेल तर निम्म्या जाडीचा नमुना मोजा. फुगवटा आणि रेषेचं गुणोत्तर बदललं तर दोष जाडीचा. खरं रिकॉइल जाडीला भीक घालत नाही.

डबा ॲल्युमिनियमचा, चपटा, झाकण इंडियमच्या तारेने बंद केलेलं. ॲल्युमिनियमचा छेद दीड बार्न, हायड्रोजनपुढे नगण्य. पण नमुना थोडा असेल तर तोही दिसतो, म्हणून रिकाम्या डब्याचं मोजमाप चुकवू नका.

ओलावा हा छुपा चोर. बर्फाच्या डोलण्याचा पट्टा ५४० सेंमी⁻¹ च्या आसपास उभ्या कड्यासारखा सुरू होतो आणि हजाराच्या आसपासपर्यंत जातो. तुमच्या वर्णपटात ५४० ला पायरी दिसली तर आधी नमुना वाळवा, मग वस्तुमानाच्या गोष्टी करा.

द्रव नमुना गोठवताना सावकाश गोठवा. झटक्यात गोठवलेला नमुना काचेसारखा राहू शकतो. त्यात जालकाची कंपनं पसरट असतात आणि फुगवट्यातली रचना पुसली जाते. टॉस्कासारख्या उपकरणाची विभेदनक्षमता हस्तांतरित ऊर्जेच्या सव्वा टक्क्याच्या आसपास आहे, म्हणजे १००० ला १२-१३ सेंमी⁻¹. ८० सेंमी⁻¹ वरचा फोनॉनचा खांदा सहज सुटा दिसायला हवा. दिसत नसेल तर नमुना बघा.

६. ‘बाह्य’ काय आणि ‘अंतर्गत’ काय

तिसऱ्या पायरीतलं गणित रेणूला दगडासारखा कडक मानतं. मिथेन, बेंझिन यांना ते चालतं. मिथिल गट, लांब साखळ्या, हायड्रोजन बंध असलेले रेणू यांना नाही. बाहेरच्या कंपनांच्या पट्ट्यात मिसळणारी मिथिल गटाची पीळकंपनं नावाला अंतर्गत असली, तरी न्यूट्रॉनच्या दृष्टीने ती बाह्यच. ती बाह्यात मोजली की प्रभावी वस्तुमान घसरतं. पॉलिमरचा रेणुभार लाखात असला तरी हायड्रोजनचं प्रभावी वस्तुमान लहानच निघतं, कारण धक्का अख्ख्या साखळीला बसत नाही, जवळच्या तुकड्याला बसतो.

इथे आयगेनव्हेक्टर कामी येतात. वस्तुमान-भारित आणि एकाला सामान्यीकृत आयगेनव्हेक्टर घ्या. निवडलेल्या अणूसाठी, बाह्य ठरवलेल्या सगळ्या कंपनांवर वर्गांची बेरीज करा. ३ ने आणि अणूच्या वस्तुमानाने भागा. व्यस्त म्हणजे प्रभावी वस्तुमान. तपासणीची सोय यातच आहे: सगळी कंपनं धरली तर हायड्रोजनसाठी १.००८ यायलाच हवं. आलं नाही तर आयगेनव्हेक्टर वस्तुमान-भारित नाहीत किंवा काही कंपनं फाइलमधून गळली आहेत.

सीमा कुठे आखायची? वारंवारतांची यादी उतरत्या क्रमाने लावा आणि मोकळी फट शोधा. कडक रेणूत ती बहुधा १५० ते ३०० च्या दरम्यान स्पष्ट दिसते. फटच नसेल तर एका प्रभावी वस्तुमानाचा नाद सोडा आणि पूर्ण बहु-फोनॉन गणना करा.

सॉफ्टवेअरमधले सापळे:

दुहेरी मोजणी. सुट्या रेणूची गणना केली असेल तर बाह्य कंपनं त्यात नसतात, म्हणून फुगवटा वेगळा घालावा लागतो, प्रभावी वस्तुमान आणि बाह्य विस्थापन देऊन. पूर्ण स्फटिकाची गणना ओक्लायमॅक्स किंवा मँटिडमधल्या अबिन्स या न्यूट्रॉन-वर्णपट काढणाऱ्या प्रोग्रॅमला दिली तर जालकाची कंपनं आतच असतात आणि बहु-फोनॉन पदं चालू ठेवली की फुगवटा आपोआप येतो. वरून पुन्हा वस्तुमान घातलं की रेषा दुप्पट विरतात. उलटही होतं: पहिल्या क्रमाचीच पदं चालू राहतात, फुगवटा गायब होतो, आणि दोष प्रयोगाला दिला जातो.

शून्याजवळच्या वारंवारता. विस्थापन वारंवारतेने भागून येतं. स्फटिकाच्या तरंगसदिश-अवकाशातल्या एकाच (मध्य) बिंदूवरच्या गणनेत ध्वनिक कंपनं, म्हणजे अख्खा स्फटिक एकत्र सरकवणारी, शून्याला असतात. तिथे ३ सेंमी⁻¹ सारखा आकडा चुकून राहिला तर विस्थापन आकाशाला भिडतं आणि अख्खा वर्णपट सपाट होतो. ती तीन कंपनं काढली तर बाह्य हालचाल कमी मोजली जाते. खरा उपाय म्हणजे अनेक बिंदूंवर गणना.

७. डेटा स्वतः काय म्हणतो ते पडताळा

पुढचा आणि मागचा गट एकमेकांवर ठेवा. तीक्ष्ण रेषा दोन्हीत एकाच जागी असतील. फुगवट्याचा गुरुत्वमध्य मात्र मागच्या गटात उजवीकडे सरकलेला असेल, कारण तिथे क्यू² मोठा. सरकत नसेल, तर ज्याला तुम्ही फुगवटा म्हणताय ती बहुधा दुसरी रेषा किंवा जोडरेषा आहे. एवढी स्वस्त आणि खात्रीची चाचणी दुसरी नाही.

अणू हलका आणि बंधन सैल असेल तर हा फरक डोळ्यांत भरतो. मोकळ्या मिथेनचं १३०६ सेंमी⁻¹ चं कंपन घ्या, वस्तुमान ३.२. इथे एक पेच आहे: रिकॉइल १३०६ च्या क्यूवर काढायचं नाही. एकूण हस्तांतरित ऊर्जा वाढली की क्यूही वाढतो, म्हणून उत्तर फिरून फिरून काढावं लागतं. चार-पाच फेऱ्यांत ते स्थिरावतं: पुढच्या गटात सुमारे १७८५, मागच्या गटात सुमारे २१००. एकाच कंपनाचे दोन मध्य, तीनशे सेंमी⁻¹ अंतरावर. १३०६ चाच क्यू वापरला तर पुढचा आकडा सुमारे १४० ने आणि मागचा सुमारे २७५ ने कमी येतो.

तीव्रतेवरूनही पडताळता येतं. तीक्ष्ण रेषेचं क्षेत्रफळ क्यू² ने भागा, दोन्ही गटांसाठी लॉगॅरिदम घ्या, फरक काढा, आणि क्यू² च्या फरकाने भागा. १००० सेंमी⁻¹ ला हा भाजक जवळपास ३० आहे. मिळेल ते एकूण विस्थापन. त्यातून गणनेतलं अंतर्गत विस्थापन वजा केलं की बाह्य उरतं. क्षेत्रफळात फुगवट्याचा पाया घेऊ नका, नाही तर ज्याला मोजायचंय तेच मिसळून बसाल.

८. हायड्रोजन वायू: वेगळा प्राणी

शोषलेला हायड्रोजन मोजणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. सॅक्स-टेलर हिशेबाने हायड्रोजन रेणूतल्या अणूचं वस्तुमान १.२ येतं. तरीही ११९ सेंमी⁻¹ च्या प्रसिद्ध रेषेला ते लावायचं नाही. ती रेषा म्हणजे पॅरा-हायड्रोजनचं (ज्यात दोन अणुकेंद्रांच्या फिरक्या विरुद्ध असतात) परिवलन-संक्रमण: परिवलनाचा क्वांटम-अंक ० वरून १ वर जातो. परिवलन आपण रेषा म्हणून सुटं मोजतोच आहोत, मग रिकॉइलला उरतं फक्त सरकणं, आणि वस्तुमान पूर्ण २.

मोकळ्या रेणूसाठी मध्य पुढच्या गटात सुमारे १९० आणि मागच्यात ४७५ ला जातो. पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला रेणू ११९ च्या आसपास तीक्ष्ण रेषा देतो, कधी फुटलेली. सैल रेणू उजवीकडे लांब उतार देतात. दोन्हींचं प्रमाण म्हणजे चिकटलेल्या आणि मोकळ्या हायड्रोजनचा अंदाज. तो पुढच्या गटातूनच काढा, कारण तिथे क्यू कमी आणि तीक्ष्ण रेषा जास्त शाबूत. वायू आत सोडण्याआधी पॅरामध्ये बदलून घ्या. खोलीच्या तापमानाचा वायू तीन-चतुर्थांश ऑर्थो (फिरक्या समांतर) असतो आणि उत्प्रेरकाशिवाय थंड केल्यावरही बराच काळ तसाच राहतो.

९. तरीही ३००० ची रेषा हवीच असेल

मग उपकरण बदला. मॅप्स, सेकोया यांसारख्या सरळ भूमितीच्या उपकरणांत आरंभीची ऊर्जा तुम्ही निवडता आणि छोट्या कोनांचे डिटेक्टर वापरून क्यू खाली आणता. आरंभीची ऊर्जा ६५० मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट, हस्तांतरण ३००० सेंमी⁻¹, कोन ५°: क्यू² येतो ३९. उलट्या भूमितीत हाच १८० होता. बेंझिनसाठी सरासरी वस्तुमानाने रिकॉइल १४५ वरून ३१ सेंमी⁻¹ वर येतं आणि तीक्ष्ण रेषेचा बाह्य वाटा १६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर जातो.

बदल्यात विभेदनक्षमता जाते. सरळ भूमितीत ती आरंभीच्या ऊर्जेच्या टक्केवारीत मोजली जाते, म्हणून ६५० चा प्रयोग ३००० च्या रेषेसाठीच ठेवा. १५०० च्या खालच्या रेषांसाठी आरंभीची ऊर्जा कमी करून वेगळं मोजमाप घ्या. छोट्या कोनांवर डिटेक्टर मोजके आणि शलाकेची पार्श्वभूमी जास्त असते, तेव्हा रिकाम्या डब्यालाही नमुन्याइतकाच वेळ द्या.